महिलांची निकड आणि इतर प्रगती

नगरपालिकेत नोकरी केली की किस्से साठवावे लागत नाहीत. कांदाचाळीत उन्हाळ कांदा साठतो तसे ते आपोआप साठतात. मधूनमधून वरखाली करायचे, सडलेले काढून टाकायचे, उरतात ते पक्के. माझ्याकडे जे उरलेत त्यांना थोडा वास आहे. नाकं मुरडू नका, विषयच तसा आहे!

गावाचं नाव सांगणार नाही. पेन्शन अजून तिथूनच येते. लासलगाव-येवल्याच्या पट्ट्यातलं एक गाव समजा. कांद्याचे ट्रॅक्टर, एसटी स्टँड, बुधवारचा बाजार आणि एक नगरपालिका. तिथे मी टायपिस्ट म्हणून लागले, नव्वदच्या सुरुवातीला. टेबलाशी बसणारी बाई मी एकटीच.

मार्च संपला की माझं एक काम ठरलेलं. वार्षिक प्रगती अहवाल टाईप करायचा. त्याचे दोन भाग. पहिला ‘झालेली प्रगती’, दुसरा ‘पुढील वर्षाची प्राधान्ये’. पहिला भाग दरवर्षी बदलायचा. दुसरा बदलायचं काही कारणच नसायचं!

*

नोकरीचा पहिला दिवस. साडेअकराच्या सुमाराला मी हेडक्लार्क निकमभाऊसाहेबांच्या टेबलाशी गेले आणि हळूच विचारलं, “भाऊसाहेब, बाथरूम कुठंय?”

निकमभाऊसाहेब म्हणजे देवमाणूस. कुणाचं वाईट चिंतणार नाहीत आणि कुणाचं कामही करणार नाहीत. ते कानापर्यंत लाल झाले. शिपायाकडे बघितलं. शिपायाने छताकडे बघितलं. मागच्या अंगणात एक पत्र्याचा आडोसा होता, त्याला दार नव्हतं आणि तिथे सगळा पुरुषवर्ग जायचा.

“त्याचं काय आहे मॅडम,” शेवटी भाऊसाहेब म्हणाले, “आपल्याकडे आजवर लेडीज नव्हत्याच ना!”

“आता आहे ना मी?”

“हो हो, आहात की!” त्यांनी लगेच पेन काढलं. “पुढच्या वर्षीच्या प्राधान्यात टाकतो.”

घर जवळ होतं म्हणून निभावलं. जेवणाच्या सुट्टीत घरी धावत जायचं आणि धावत यायचं. सकाळचा चहा मी त्याच आठवड्यात सोडला.

*

मग महिलांचं आरक्षण आलं आणि माळवाडीच्या वॉर्डातून हिराताई निवडून आल्या. भाजीपाला पिकवणारं घर. निवडून यायच्या आदल्या बुधवारपर्यंत त्या बाजारात मेथी-कोथिंबीर विकत बसलेल्या होत्या, आणि निवडून आल्यावरच्या बुधवारीही बसल्या.

पहिली सभा. नगराध्यक्ष अण्णा खुर्चीत. एकेका सदस्याला विचारत होते, तुमच्या वॉर्डाचं प्राधान्य सांगा. कुणी म्हणालं व्यायामशाळा, कुणी म्हणालं स्वागत कमान. एकाला चौकात कारंजं हवं होतं. मी कोपऱ्यात बसून उतरवून घेत होते.

“बोला हिराताई, लाजू नका!” अण्णा म्हणाले.

हिराताई उभ्या राहिल्या, पदर खोचला. “बाजारतळावर बायांना मुतायला जागा नाय. ती करा.”

एकजण नुसताच खोकत राहिला.

अण्णा कसेबसे म्हणाले, “ताई, भावना पोहोचली. पण सभेत असे शब्द बरे नाही दिसत.”

“बरं. मंग तुमी सांगा कोन्ता शब्द म्हनू. तोच म्हनते. पन बांधा.”

त्यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली, म्हणजे बांधण्यावर नाही, शब्दावर! शेवटी निकमभाऊसाहेबांनी तोडगा काढला. मी टाईप केलं: ‘पुढील वर्षाचे प्राधान्य क्रमांक एक: महिलांची निकड.’ ते वाक्य मी पुढे इतक्या वेळा टाईप केलं की बोटं आपोआप पडायची.

*

“टाईपवाल्या ताई, तुमी एक डाव बाजारात या. मंग टाईप करा,” असं म्हणून एका बुधवारी हिराताई मला घेऊन गेल्या.

तिथे त्यांची जाऊ बसलेली होती, सरूबाई. पन्नाशीची, काटक, तोंडाने फटकळ. पहाटे टेंपोत माल टाकून यायची ती दिवेलागणीला उठायची. बुधवारी आमच्याकडे, बाकीचे दिवस आजूबाजूच्या गावांच्या बाजारात. तिच्या शेजारी पाण्याचा कॅन होता. ऊन तर असं की माझा घसा कोरडा पडलेला. ती ओंजळभर पाणी घ्यायची आणि मेथीवर शिंपडायची.

मी म्हटलं, “अहो, तुम्ही पण प्या की घोटभर!”

“भाजीला पाजते ना बाई. भाजीला जावं लागत नाय!”

आजूबाजूच्या सगळ्या बाया खो-खो हसल्या. मीही हसले. मग सरूबाईने समजावून सांगितलं. सकाळपासून पाणी प्यायचंच नाही. अगदीच नाही राहवलं तर तळाच्या टोकाला जनावरांचा जुना कोंडवाडा होता, त्याच्या पडक्या भिंतीमागे दोघी-तिघींनी मिळून जायचं. एकीने लुगड्याचा आडोसा धरायचा. पोटात कळा येतात, लघवीला आग होते, ताप भरतो. “सगळ्यांनाच व्हतं. बाजार करनाऱ्या बाईचं दुखनं हाय ते,” ती म्हणाली, जसं काही ते मालाबरोबरच मिळतं.

त्या दिवशी मी टाईप करताना ‘निकड’ हा शब्द जरा जोरात बडवला. एवढंच माझ्या हातात होतं.

*

त्या वर्षी बाजारतळावर खरोखरच काम झालं! झालेली प्रगती, क्रमांक एक: ‘बाजारतळावरील मोडकळीस आलेला कोंडवाडा हटवून परिसर मोकळा केला व तेथे हायमास्ट दिवा बसविला.’

म्हणजे कळलं ना? अख्ख्या बाजारतळावर बायकांना जो एकुलता एक आडोसा होता, तो पाडला आणि बरोब्बर त्याच जागेवर गावातला सगळ्यात मोठा दिवा लावला!

उद्घाटनाला अण्णा म्हणाले, “आता या गावात अंधाराला लपायला जागा उरली नाही!” टाळ्यांचा कडकडाट. सरूबाई तेवढी मोठ्याने म्हणाली, “अंधाराचं जाऊ द्या वो, आमचं काय?” पण तोवर बँड सुरू झाला होता.

*

हिराताईंनी पिच्छा सोडला नाही. प्रत्येक सभेत तोच विषय. शेवटी जागा ठरवायला समिती नेमली. पाच सदस्य, पाचही पुरुष. मी भाऊसाहेबांना म्हटलं, “निदान हिराताईंना तरी घ्या!”

“छे छे मॅडम, विषय लेडीजचा आहे. त्यांना कशाला संकोचात टाकायचं?”

समिती जीप घेऊन गावभर फिरली. देवळाजवळ नको, पावित्र्य. शाळेजवळ नको, संस्कार. व्यापारी म्हणाले दुकानांजवळ नको, गिऱ्हाईक तुटेल. बाजारतळावर भाजीच्या ओट्यांमागे मोकळी जागा होती, हिराताईंनी पहिल्या दिवसापासून तीच दाखवली होती. समितीने ती एकमताने फेटाळली. कारण काय, तर “मागच्या बाजूला पडते, कुणाला दिसणार नाही!”

मग अण्णांनीच जागा काढली. एसटी स्टँडसमोरचा चौक. एका बाजूला पानटपरी, दुसरीकडे भेळभत्ता आणि चहाचं हॉटेल, त्याच्या बाकड्यांवर दिवसभर वीस-पंचवीस माणसं रिकामी बसलेली. “प्रगती लोकांना दिसली पाहिजे,” अण्णा म्हणाले.

नकाशा आला. दार थेट बाकड्यांसमोर! हिराताई इंजिनिअरवर उखडल्या. “आरं बाबा, दार मागं फिरव! बाई आत जाती का भाईर येती ते अख्ख्या गावानं बघायचं का?”

इंजिनिअर चांगला शिकलेला मुलगा. त्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि अगदी मनापासून म्हणाला, “ताई, मागं फिरवलं असतं हो. पण मग फीत कुठं बांधायची?”

*

बांधून झालं. गुलाबी रंग, वर फरशीवर सगळ्या सदस्यांची नावं कोरलेली. आणि दाराला कुलूप. उद्घाटनाला मोठे पाहुणे मिळत नव्हते. पाहुणे मिळाले तर तारीख जुळेना. तारीख जुळली तर निवडणुकीची आचारसंहिता लागली. आचारसंहितेत उद्घाटन चालत नाही.

तोवर सरूबाईचं दुखणं वाढलं होतं. पायावर सूज, चेहऱ्यावर सूज. येवल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडावर आलंय, लघवी तुंबवू नका, दिवसभर भरपूर पाणी प्या. सरूबाई त्यांना म्हणाली, “पिते की. बाजार नसंल त्या दिवशी पिते.” आणि तिला बाजार नाही असा दिवस आठवड्यातून एखादाच. घरी बसून भागत नव्हतं. तिच्या मालकांना दिसत कमी होतं आणि धाकटी लेक लग्नाची होती.

हिराताई तडक अण्णांच्या दालनात शिरल्या. मी कागदांवर सह्या घ्यायला उभी होते. “अण्णा, नका करू उद्घाटन. नुस्तं कुलूप काढा. माझी जाऊ मरंल!”

अण्णांना वाईट वाटलं. खरंच वाटलं, मी चेहरा पाहिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, “ताई, तुमची तळमळ मला कळते. पण उद्घाटनाआधी कुलूप काढलं तर ते वापरलेलं होणार. आणि पाहुण्यांना वापरलेला संडास दाखवायचा का? गावाची काय इज्जत राहील?”

हिराताई बाहेर आल्या आणि जिन्यात बसून रडल्या. मी शेजारी बसले. मलाही रडू येत होतं, पण ते रागाचं होतं. एवढा राग मला कधी कुणाचा आला नसेल, आणि गंमत म्हणजे तो कुणावर काढावा तेच कळेना. वाईट माणूस एकही नव्हता हो त्या इमारतीत!

*

यथावकाश उद्घाटन झालं. पाहुण्यांनी फीत कापली, आत डोकावले, “वा!” म्हणाले.

पहिल्या बुधवारी हिराताई स्वतः सरूबाईला हाताला धरून घेऊन गेल्या. दोघी चौकात आल्या तशी बाकड्यांवरची सगळी डोकी वळली. एकजण ओरडला, “चला, बोहनी झाली!” सरूबाई, जी बाजारात गड्याच्या वर तोंड करून भांडायची, ती तिथूनच मागे फिरली. “नगं गं हिरे. मेले तरी नगं.”

हिराताईंनी हॉटेलवाल्याला झाप झाप झापला. बाकडी हलवायला लावली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच!

महिन्याभराने निकमभाऊसाहेबांनी शिपायाला त्या दारासमोर बसवून पाहणी केली. मग मला मजकूर सांगितला: ‘सदर सुविधेचा वापर निरंक आहे. सबब, महिलांना गरज नसल्याचे दिसून येते.’

मी म्हटलं, “भाऊसाहेब, हे मी टाईप करणार नाही.”

ते जराही रागावले नाहीत. त्यांनी ते स्वतः हाताने लिहिलं, सुंदर अक्षरात. आणि पुढे त्या गुलाबी खोल्यांत मांडवाचे बांबू, सतरंज्या आणि अण्णांच्या वाढदिवसाचे फलक राहायला गेले.

*

आता माझंही ऐका. नवं शतक उजाडलं आणि नगरपालिकेची नवी इमारत झाली. नकाशात चक्क ‘लेडीज टॉयलेट’! खालून वरपर्यंत पांढऱ्या टाइल्स, आतून कडी, छोटी खिडकी. मी दोनदा जाऊन हात लावून पाहून आले. खोटं कशाला सांगू, नव्या घराचा हुरूप यावा तसं झालं होतं.

इमारतीत राहायला गेलो त्याच आठवड्यात ऑफिसात पहिला कम्प्युटर आला. बसवायला आलेला माणूस म्हणाला, “धूळ अजिबात चालणार नाही. एकदम स्वच्छ, बंद होणारी खोली पाहिजे.”

सगळ्यांनी इमारत पालथी घातली. सगळ्यात स्वच्छ, आतून बंद होणारी, टाइल्सवाली खोली कोणती निघाली असेल?

भांडं काढलं, नळाला लाकडी खुंटी मारली, टेबल लावलं. कम्प्युटर कोण चालवणार? टायपिस्ट! म्हणजे बारा वर्षं वाट पाहून मला लेडीज टॉयलेट मिळालं, आणि मी सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच त्यातच बसून राहायचे. जायला मात्र घरीच!

त्याच खोलीत बसून मी त्या वर्षीचा अहवाल कम्प्युटरवर केला. प्राधान्य क्रमांक एक: महिलांची निकड.

*

पुढे स्वच्छ शहराची कसलीशी स्पर्धा निघाली. तपासणीला वरून समिती येणार. गुलाबी इमारतीला रंगाचा नवा हात मारला, पेंटरकडून भिंतीवर नमस्कार करणारी बाई काढून घेतली, दारापुढे कुंड्या ठेवल्या. आत बांबू तसेच.

समिती आली. त्यात एक बाई अधिकारी होत्या. सकाळी लवकर नाशिकहून निघालेल्या, वाटेत तीन गावं तपासून आलेल्या. अण्णांनी हात जोडून इमारत दाखवली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, “छान आहे. मी जरा जाऊन येते.”

अण्णांच्या कपाळावर घाम! “मॅडम, आत्ताच फिनाईल ओतलंय. वास सहन व्हायचा नाही.”

“चालेल मला.”

“किल्ली... किल्ली शिपायाकडे आहे.”

“बोलवा की त्याला.”

“तो सासुरवाडीला गेलाय!” शिपाई तिथेच शेजारी उभा होता, हार धरून.

निकमभाऊसाहेब घाईघाईने माझ्याजवळ आले. “मॅडम, यांना तुमच्या घरी घेऊन जा. गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे!”

नेलं. बाई मोकळ्या होऊन आल्या, तोंड धुतलं, दोन मिनिटं खुर्चीत डोळे मिटून बसल्या. “नशीबवान आहात,” मला म्हणाल्या, “ऑफिस घराजवळ आहे.” मी तांब्या-भांडं पुढे केलं. त्यांनी हातानेच नको म्हटलं. “अजून दोन गावं आहेत हो.”

आमच्या गावाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रशस्तिपत्रात महिलांसाठीच्या सोयींचा खास उल्लेख होता. ते चौकटीत लावून सभागृहात टांगलंय, कधी गेलात तर बघा.

*

त्या बक्षिसाचे पेढे वाटले त्याच आठवड्यात सरूबाईला नाशिकला दवाखान्यात भरती केलं. एक मूत्रपिंड पार निकामी झालं होतं, दुसऱ्याचा भरवसा नव्हता. मी आणि हिराताई एसटीने भेटायला गेलो.

वाटलं होतं, बाई अंथरुणाला खिळलेली असेल. बघतो तर कॉटवर मांडी घालून बसलेली, केस विंचरलेले, तोंडावरची सूज उतरलेली. आम्हाला पाहून खुलली. “या या! टाईपवाल्या बाई पन आल्या? बसा!”

“कसं वाटतंय?” मी विचारलं.

“लय झ्याक!” तिने माझा हात ओढला. “हे बघा, ते कोपऱ्यात दार दिसतं ना? ते बायांचं. निस्त्या बायांचं! आतून कडी हाय, पानी हाय, आन् समोर कोनी बसलेलं नाय. वाटंल तवा उठायचं, वाटंल तवा जायचं. कोनी इचारत नाय.” कॉटजवळच्या स्टुलावर पाण्याने भरलेला जग होता. ती बोलता बोलता ग्लास भरायची आणि एका दमात संपवायची. “हिरे, सा दिस झाले, मी पोटभर पानी पिते गं.”

हिराताई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात डॉक्टर राऊंडला आले. तरुण, हसतमुख. कागद चाळले, नाडी पाहिली. “मावशी, तब्येत सुधारतेय बरं का. आता घरी जायला हरकत नाही. उद्या सुट्टी देऊ या!”

सरूबाईचा चेहरा उतरला. तिने हात जोडले. “सायेब, उद्या नका देऊ. उद्या बुधवार हाय.”

“मग बुधवारी काय असतं?”

“आमच्या गावचा बाजार असतो ना.”

डॉक्टर हसले, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि सुट्टीच्या कागदावर सही करून पुढच्या कॉटकडे गेले. सरूबाईने जग उचलला, तसाच तोंडाला लावला आणि उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं.